कुणीच न लिहिलेली सलाईन: स्क्रब टायफसच्या एका रुग्णाचे आयसीयूतले सहा दिवस

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, तारखा आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

पूर्व विदर्भात रोवणी आटोपून निंदणाला सुरुवात झाली की आमच्याकडे एका विशिष्ट तापाचे रुग्ण येऊ लागतात. आठ-दहा दिवसांचा ताप, डोकेदुखी, कमी झालेल्या प्लेटलेट, थोडी कावीळ, आणि मग अचानक धाप. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची मोठी साथ आली. तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असा रुग्ण दिसला की डेंग्यूच्या जोडीने या आजाराचंही नाव डोक्यात येतंच.

गवतातल्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जंतू शरीरात शिरतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो. अस्तर गळकं झालं की शिरेतून दिलेलं द्रव शिरेत टिकत नाही, ते फुप्फुसांत, कातडीखाली, पोटात झिरपतं. बीपी कमी म्हणून द्रव हवं आणि अस्तर गळकं म्हणून द्रव बाधतं, या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात एकाच वेळी खऱ्या असतात. हे प्रकरण त्याच कात्रीचं आहे.

रुग्ण ४७ वर्षांची शेतमजूर महिला. मधुमेह नाही, बीपीचा त्रास नाही. आठ दिवस ताप. गावात सुया आणि दोन सलाईन झाल्या होत्या. नवव्या दिवशी ग्लानी आली तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी नेलं आणि तिथून अँब्युलन्सने दुपारी चारला आमच्या आयसीयूत आणलं.

आल्यावरची स्थिती

बीपी ७८/४६, नाडी १२८, श्वास मिनिटाला ३०, बाहेरच्या हवेवर ऑक्सिजन ९१ टक्के, ताप १०२.६. लॅक्टेट (पेशींना रक्त कमी पडलं की हे वाढतं) ४.६, क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की हे वाढतं) २.१, प्लेटलेट ४८,०००, बिलिरुबिन २.८. एक्स-रेत दोन्ही बाजूंना हलकी धूसर छाया. बोटाच्या टोकावर काचपट्टी दहा सेकंद दाबून सोडली तर गुलाबी रंग परतायला पाच सेकंद लागत होते. एरवी तीनच्या आत लागतात.

सोबतच्या चिठ्ठीवर द्रवाबद्दल एवढंच होतं: 'आयव्ही फ्लुइड सुरू'. किती, कोणतं, कधीपासून, काहीच नाही. वजन ६० किलो लिहिलेलं होतं, पण खाटेवरच्या बाईकडे पाहून ते कुणालाही पटलं नसतं.

पहिला निर्णय: आणखी किती?

सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागण्याच्या) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या तीन तासांत किलोमागे निदान ३० मिली द्रव द्यावं असं म्हटलेलं आहे. २०१६ च्या आवृत्तीत ही शिफारस ठाम होती, २०२१ मध्ये ती सौम्य केली गेली. आमच्या रेसिडेंट डॉक्टरांनी ६० गुणिले ३० करून १८०० मिलीची तयारी केली होती.

तेवढ्यात बाईंच्या भावाने हातातली पिशवी पुढे केली. अँब्युलन्समध्ये बदललेल्या बाटल्या त्याने टाकून दिल्या नव्हत्या, 'मोठ्या दवाखान्यात विचारतील' म्हणून जपून आणल्या होत्या. ५०० मिलीच्या तीन रिकाम्या बाटल्या, तिन्ही नॉर्मल सलाईनच्या. त्याच पिशवीत दोन महिन्यांपूर्वीच्या आरोग्य तपासणीचा कागद निघाला. वजन ४८ किलो.

म्हणजे किलोमागे ३१ मिली तर वाटेतच झालं होतं. त्या पिशवीविना आम्ही आणखी १८०० मिली ओतलं असतं आणि कागदावर ते अगदी नियमाप्रमाणे दिसलं असतं.

पण बीपी तर अजून ७८ च होतं. आमच्यापुढे तीन वाटा होत्या: आणखी एक लिटर देऊन बघायचं, द्रव थांबवून फक्त बीपी वाढवणारं औषध नॉरअ‍ॅड सुरू करायचं, किंवा हृदय आणखी द्रवाला दाद देतंय का हे तपासून ठरवायचं. आम्ही तिसरी घेतली, पण नॉरअ‍ॅडसाठी त्या निकालाची वाट पाहिली नाही. मानेतली सेंट्रल लाईन टाकायला वेळ लागतो, त्यातून प्लेटलेट कमी. म्हणून हाताच्या चांगल्या जाड शिरेतून नॉरअ‍ॅड लगेच चालू केलं आणि सरासरी बीपी ६५ चं उद्दिष्ट ठेवलं.

मग पाय उचलून पाहण्याची चाचणी केली. डोक्याकडची बाजू सपाट करून खाटेच्या मदतीने पाय ४५ अंश वर नेले की पायांतलं साधारण ३०० मिली रक्त हृदयाकडे परततं. थोड्या वेळात भराभर दिलेल्या द्रवाला बोलस म्हणतात. बाटली न लावता घेतलेला हा बोलसच, आणि पाय खाली केले की तो परत जातो. इकोवर प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचं माप, म्हणजे व्हीटीआय, १६ टक्क्यांनी वाढलं. हृदय दाद देत होतं. रिंगर लॅक्टेट २५० मिली पंधरा मिनिटांत दिलं, पुन्हा पाहिलं, आणखी २५० दिलं. बोटाचा रंग आता तीन सेकंदांत परतू लागला. चाचणी परत केली तेव्हा वाढ जेमतेम ५ टक्के. तिथे बोलस थांबवले.

रिंगर का, सलाईन का नाही, हा प्रश्न रेसिडेंटनी विचारला, कारण क्रिएटिनिन वाढलेलं आणि रिंगरमध्ये पोटॅशियम असतं. ते लिटरला फक्त ४ मिलिमोल असतं, म्हणजे रक्तात असतं तेवढंच. नॉर्मल सलाईनमध्ये मात्र क्लोराइड १५४ असतं, रक्तात साधारण १०० ते १०५. दीड लिटर सलाईन आधीच झालेल्या रुग्णात मला तो बोजा वाढवायचा नव्हता.

संध्याकाळी अंग पुसताना सिस्टरांना कमरेवर, परकराची नाडी बसते बरोबर त्या जागी, वाटाण्याएवढी काळी खपली दिसली. कडेने लालसर, हात लावला तरी दुखत नव्हती. बाईंनाही ती ठाऊक नव्हती. डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून सुरू झाले, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आधीच चालू होतं.

हे पहिले सहा तास आजही मला बरोबर वाटतात. चूक त्यानंतर झाली, आणि सगळं सुधारत असताना झाली.

पहिले चोवीस तास

बोलस थांबवल्यावर आदेशपत्रकावर एक ओळ पडली: 'आरएल (रिंगर लॅक्टेट) ताशी ८० मिली, चालू ठेवा'. ती कुणी लिहिली हे महत्त्वाचं नाही, राऊंडला त्याखाली माझी सही आहे. आयसीयूत रुग्ण आला की मेंटेनन्स, म्हणजे संथपणे सतत चालणारं द्रव, लागतो ही आमची सवय आहे. तो का हवा, किती वेळ हवा, हे त्या ओळीत नव्हतं. नाकातल्या नळीतून पेज आणि फीड सुरू झालं होतं, तरी ओळ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉरअ‍ॅड ०.३ मायक्रोग्रॅमवरून ०.१ वर आलं होतं, लॅक्टेट २.१. आम्ही खूश होतो. दुपारी चारला पत्रकावर चोवीस तासांची जमा, म्हणजे आत गेलेल्यातून बाहेर पडलेलं वजा करून उरलेलं द्रव, २१२० मिली दाखवत होती. सेप्टिक शॉकच्या पहिल्या दिवसाला हे फार नाही असं मी म्हटल्याचं आठवतं.

संध्याकाळी ऑक्सिजन चार लिटरवरून आठवर न्यावा लागला. पापण्या सुजल्या होत्या. मी ते आजाराच्या खात्यात टाकलं.

रात्री दोनचा फोन

रात्री दोनला रेसिडेंटचा फोन आला: बीपी ८४, दोन तासांत लघवी ३० मिली, काय करू? मी झोपेतून उठून म्हणालो, 'पाचशे देऊन बघ.'

मी एकही प्रश्न विचारला नाही. बीपी केव्हापासून कमी, हात गार आहेत का, नॉरअ‍ॅड किती, फुप्फुसांत आवाज आहेत का, काही नाही. बाटली लागली, वीस मिनिटांत बीपी ११० झालं, आणि सगळ्यांना वाटलं की बाई कोरड्या होत्या.

सकाळी नर्सिंगची नोंद वाचली. १:४५ वाजता नॉरअ‍ॅडची सिरिंज संपली म्हणून नवी लावली होती. सिरिंज बदलताना पंपाचा दट्ट्या नीट बसेपर्यंत औषध काही मिनिटं रुग्णापर्यंत पोहोचत नाही आणि बीपी कोसळतं. नवी सिरिंज वाहू लागली की ते आपसूक वर येतं. तसंच झालं होतं, श्रेय मात्र बाटलीला गेलं. लघवी कमी होण्यालाही कोरडेपणा हे एकच कारण नसतं. द्रवाने फुगलेल्या शरीरात शिरांमधला दाब वाढतो, मूत्रपिंड सुजतं आणि लघवी कमी होते. त्या वेळी आणखी द्रव म्हणजे त्याच मूत्रपिंडावर आणखी भार.

सिस्टरांचा हिशेब

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला बाई मिनिटाला ३४ श्वास घेत होत्या. हाय-फ्लोवर (नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) ५० लिटर, ७० टक्के ऑक्सिजन. पीएफ रेशो (फुप्फुसं ऑक्सिजन रक्तात किती पोहोचवतात याचं माप, कमी तितकं वाईट) पहिल्या दिवशी २४० होता, आता ११८. सोनोग्राफीच्या प्रोबखाली दोन्ही फुप्फुसांत वरपासून खालपर्यंत बी-लाईन्स, म्हणजे पाणी साचल्याच्या रेषा. माकडहाडावर अंगठा दाबला तर नख बुडेल एवढा खड्डा पडत होता आणि मी मागे वळून दुसऱ्या खाटेवर एक नजर टाकून आलो तरी तो भरला नव्हता.

राऊंडवर मी पत्रक वाचत होतो, 'जमा फार नाही'. तेव्हा सकाळपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "सर, औषधांचं पाणी यात कुठंय?"

त्यांनी पत्रकाच्या पाठीमागे पेनने मांडायला सुरुवात केली. पहिल्या चोवीस तासांचं:

डॉक्सी दोन वेळा, २०० मिली. अ‍ॅझिथ्रो ५०० मिलीच्या बाटलीत, ५००. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १००. पँटोप्राझोल १००. पोटॅशियम भरून काढायला ५०० ची एक बाटली. पॅरासिटामॉलच्या १०० मिलीच्या तीन. नॉरअ‍ॅड १२०. लाईन धुवायला ८०.

एकूण १९०० मिली. मेंटेनन्स १९२० मिली होता. म्हणजे आम्ही लिहून दिलेल्या मेंटेनन्सएवढंच द्रव कुणीही न लिहिता गेलं होतं. खरी जमा २१२० नव्हती, ४०२० होती. पुढच्या सोळा तासांची भर घातली तर ६९०० मिली. घाम आणि श्वासावाटे गेलेलं पाणी वजा धरलं तरी पाच लिटरच्या वर, म्हणजे ४८ किलोच्या शरीरात वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त.

मिठाचा हिशेब मला जास्त टोचला. या औषधांपैकी १४०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये कालवलेलं होतं. लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे एका दिवसात १२.६ ग्रॅम, निव्वळ औषध विरघळवण्यासाठी. धडधाकट माणसाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि इतकं मीठ आत असताना पाणी बाहेर पडत नाही.

हे फक्त आमच्याकडे घडतं असंही नाही. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या आयसीयूत १४,६५४ रुग्णांच्या द्रवाचा हिशेब मांडला गेला होता, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. दिवसभरातल्या द्रवापैकी जवळपास एक तृतीयांश या औषधांच्या पाण्यातून आणि लाईन उघडी ठेवण्यातून गेलं होतं, तर ज्यावर सगळे वाद घालतात ते बोलसचं द्रव ६.५ टक्के होतं.

पर्याय

आता काय? पहिला पर्याय: श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर, बाकी सगळं तसंच. दुसरा: द्रव बंद करून चोवीस तास वाट पाहायची. तिसरा: द्रव बंद, औषधांचं पाणी कमी, आणि फ्युरोसेमाइड देऊन पाणी बाहेर काढायचं.

तिसऱ्याला आमच्यातच विरोध होता, आणि तो रास्त होता. नॉरअ‍ॅड अजून ०.०८ वर चालू, क्रिएटिनिन २.४. शॉकमधल्या रुग्णाला लघवीचं औषध देऊन मूत्रपिंड घालवलं तर? अमेरिकेतल्या २००६ च्या ज्या अभ्यासात कमी द्रवाने व्हेंटिलेटरवरचे दिवस घटले, त्यातही बीपीचं औषध बंद होऊन बारा तास झाल्याशिवाय फ्युरोसेमाइड देत नव्हते.

निर्णय इकोने सोपा केला. हृदय चांगलं आकुंचन पावत होतं. खालची महाशीर २.३ सेंटिमीटर, श्वासासोबत जवळपास हलत नव्हती. पाय उचलून काही वाढ नाही. बोटाचा रंग दोन सेकंदांत परतत होता, लॅक्टेट १.६. रक्त पोहोचत होतं, पाणी अडकलं होतं. थोडं नॉरअ‍ॅड चालू ठेवून पाणी काढायचं असं ठरलं. श्वासाच्या नळीचं सगळं सामान खाटेशेजारी मांडून ठेवलं: ऑक्सिजन ८० टक्क्यांवर गेला किंवा बाई गुंगू लागल्या तर लगेच नळी, तेव्हा पुन्हा चर्चा नाही.

काय केलं

मेंटेनन्स बंद. डॉक्सी, अ‍ॅझिथ्रो आणि पॅरासिटामॉल नाकातल्या नळीतून. डॉक्सीच्या आधी-नंतर फीड थांबवायचं, नाहीतर दुधातलं कॅल्शियम ते अडवतं. पँटोप्राझोल १० मिलीत कालवून हळू शिरेत. पोटॅशियम सिरपच्या रूपात नळीतून. रक्ताच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही आणि स्क्रब टायफसची आयजीएम ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन थांबवलं. नॉरअ‍ॅड दुप्पट तीव्रतेचं. एवढ्यानेच औषधांचं पाणी दिवसाला १९०० वरून २०० च्या आत आलं, एकही औषध नवं न लिहिता.

फ्युरोसेमाइड २० मिलीग्रॅम दिलं. पहिल्या तासात लघवी २२० मिली. मग ४० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. उद्दिष्ट होतं दिवसाला एक ते दीड लिटर वजा. बोटाचा रंग तीन सेकंदांपलीकडे गेला, नॉरअ‍ॅड वाढवावं लागलं किंवा लॅक्टेट चढलं, तर थांबायचं.

भावाशी बोलणं

दुपारी भाऊ काचेतून पाहून गेला आणि थोड्या वेळाने परत आला. सलाईनचा स्टँड रिकामा होता. त्याने हळू आवाजात विचारलं, "साहेब, पैसे कमी पडले म्हणून सलाईन काढली का?"

त्या प्रश्नाने मी हललो. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद. गावात थकवा आला तरी लोक सलाईन लावून घेतात, आणि आम्हीही ती मागितली की लावतो. बाटली लटकलेली दिसते तोवर उपचार चालू आहेत, ही समजूत आम्हीच घालून दिली आहे. आम्ही सकाळी सात जणांनी मिळून घेतलेला निर्णय त्याला कुणीच सांगितला नव्हता.

मी त्याला आत नेलं, ताईच्या पायावर अंगठा दाबून खड्डा दाखवला आणि सांगितलं की हे पाणी आमच्याच हातून जास्त झालं, तेच फुप्फुसांत आहे, आता ते काढतोय. तो खड्ड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बांधीत पाणी जास्त झालं. आता धुरा फोडावा लागते, असंच ना?" असंच, म्हटलं. त्यानंतर रोज सकाळी तो लघवीची पिशवी किती भरली ते विचारायचा.

परिणाम

पहिल्या चोवीस तासांत १३०० मिली वजा. चौथ्या दिवशी सकाळी नॉरअ‍ॅड बंद, संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन ७० वरून ४५ टक्क्यांवर, क्रिएटिनिन १.७. श्वासाची नळी टाकावी लागली नाही.

मग आम्ही दुसऱ्या बाजूला घसरलो. पुढच्या चोवीस तासांत २१०० मिली गेलं, उद्दिष्टाहून बरंच जास्त. पाचव्या दिवशी सकाळी नाडी ११६, क्रिएटिनिन परत २.०, बायकार्बोनेट ३३, पोटॅशियम २.९. सुधारणा दिसत होती म्हणून संध्याकाळचा डोस कुणी रोखला नव्हता. मेंटेनन्सच्या ओळीसारखीच फ्युरोसेमाइडचीही ओळ चालू राहिली होती. औषध थांबवलं, नळीतून पाणी आणि पोटॅशियम वाढवलं. सहाव्या दिवशी हाय-फ्लो निघाला, सातव्या दिवशी बाई वॉर्डात गेल्या, अकराव्या दिवशी घरी. जाताना वजन ४७ किलो, क्रिएटिनिन १.०.

एका रुग्णावरून सगळं श्रेय किंवा दोष द्रवाला देणं चूक ठरेल. स्क्रब टायफस द्रव न देताही फुप्फुसं बिघडवतो, आणि डॉक्सीने अनेकदा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. त्या डॉक्सीमुळे सुधारल्या की पाणी निघाल्यामुळे, हे वेगळं काढता येणार नाही. डेन्मार्कच्या पुढाकाराने झालेल्या २०२२ च्या आणि अमेरिकेतल्या २०२३ च्या अभ्यासांत सेप्सिसमुळे बीपी कोसळलेल्या रुग्णांत कमी द्रव आणि नेहमीचं द्रव यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. पण झांबियातल्या लुसाकात कमी साधनांच्या रुग्णालयात झालेला जो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात ठरवून भरपूर द्रव दिलेल्या गटात ४८ टक्के रुग्ण दगावले आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ३३. तिथे व्हेंटिलेटर सहजी मिळत नव्हते. आमचे दहा खाटांना चार व्हेंटिलेटर बघता मला लुसाका जास्त जवळचं वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

बोलस थांबवला त्याच क्षणी पुढचा प्रश्न विचारायला हवा होता: आता हिला शिरेतून पाणी कशासाठी? फीड चालू आहे, औषधांतून दोन लिटर जातंय, तर ताशी ८० ची गरज शून्य होती. आता आमच्याकडे मेंटेनन्सचा आदेश बारा तासांनी आपोआप संपतो. हवा असेल तर कारणासह पुन्हा लिहावा लागतो. फ्युरोसेमाइडलाही हाच नियम लावला, तो पाचव्या दिवसाच्या सकाळमुळे.

रात्रीच्या फोनवर मी आता आधी विचारतो, 'नॉरअ‍ॅडची सिरिंज केव्हा बदलली?' आणि रेसिडेंटनी बोटाचा रंग मोजून सांगितल्याशिवाय बोलसला हो म्हणत नाही. सिरिंज संपण्याआधी दुसऱ्या पंपावर नवी चालू करून मगच जुनी काढायची, हे सिस्टरांनी सुचवलं. त्यासाठी एक जादा पंप लागतो आणि गर्दीच्या रात्री तो मिळत नाही. ही अडचण अजून सुटलेली नाही.

अ‍ॅझिथ्रो २५० मिलीतही देता येतं. पहिल्या दिवशी फार्मसीत एक फोन केला असता तर कळलं असतं.

ऑक्सिजन चारवरून आठवर गेला ती संध्याकाळ हातची गेली, याचं मला सर्वांत वाईट वाटतं. पापण्यांची सूज समोर होती, प्रोब दहा फुटांवर होता. तेव्हा मेंटेनन्स थांबवला असता तर रात्रीची बाटली धरून किमान दीड-दोन लिटर वाचलं असतं.

पत्रकावर 'औषधांचं पाणी' हा नवा रकाना आला आहे. पहिले काही आठवडे रात्रपाळीत तो रिकामाच राहायचा, कारण प्रत्येक औषध किती मिलीत कालवलं हे आठवून लिहिण्याएवढी फुरसत रात्री दोन सिस्टरांना दहा खाटांमध्ये नसते. मग त्याच सिस्टरांनी औषध तयार करण्याच्या टेबलावर नेहमीच्या पंधरा औषधांची यादी चिकटवली: प्रत्येकासमोर कमीत कमी किती मिली लागतं आणि नळीतून चालतं का. रकाना आता बहुतेक रात्री भरलेला असतो.